आदिवासी लेकरांसाठी केलेला भाषेचा पाठ सहकाऱ्यांना कसा दाखवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरीला भाषा शिकवतो. केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत जेवणाची सुट्टी झाली की या भागात नव्याने रुजू झालेले शिक्षक डबा घेऊन शेजारी येऊन बसतात. मराठीचा एक पाठ खपून तयार केलेला असतो, तो कुणाला तरी दाखवायचा असतो, पण कुणाला आणि कसा हे उमजत नसतं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: लेकराच्या घरची भाषा ज्याला कळते, त्याला विचारल्याशिवाय पाठ तपासून झाला असं समजू नका.

सहकाऱ्याला नेमकं काय दाखवायचं? टाचण (पाठाचं आधी लिहून काढलेलं नियोजन), की प्रत्यक्ष शिकवणं?

शक्य असेल तर दोन्ही, पण एका वेळी एकच. टाचण वाचून सहकारी सांगू शकतो की पाठात नवे शब्द किती आलेत, चित्र पाठाला जुळतं का, एका तासात हे उरकेल का. लेकराला ते समजलं का, हे टाचण वाचून कुणालाच सांगता येत नाही. अध्ययन निष्पत्ती (पाठानंतर लेकराला काय यायला हवं ते) अचूक उतरवलेली, साहित्य लिहिलेलं, मूल्यमापनाचे प्रश्नही नीट, आणि वर्गात मात्र अर्धी लेकरं खिडकीबाहेर बघताहेत, असं मी माझ्याच टाचणांच्या बाबतीत पाहिलंय.

माझ्या मते पहिल्यांदा टाचण दाखवावं, पाठ घेण्याच्या दोन-तीन दिवस आधी. तेव्हा बदलायला वाव असतो. पाठ झाल्यावर टाचण दाखवलं तर सांगणाराही संकोचतो आणि ऐकणाऱ्याचंही मन लागत नाही.

मराठवाड्यातली आदिवासी लेकरं म्हणजे सगळ्यांची भाषा एकच ना?

नाही. आणि अभिप्राय मागण्याआधी हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, परधान आणि आंध या जमाती राहतात. हिंगोलीकडे, कळमनुरी आणि औंढा नागनाथ भागात, आंध जास्त. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सोयगावच्या डोंगराकडेने भिल्लांच्या वस्त्या आहेत. पारधी कुटुंबं ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. बंजारा समाज आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत मोडत नाही, तो विमुक्त-भटक्यांच्या यादीत आहे. पण तांड्यावरच्या लेकराची घरची बोली गोरमाटी असते आणि शाळेत त्याच्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. घरी ‘याडी’ म्हणणारं लेकरू शाळेत ‘आई’ हा शब्द वाचतं.

आता भाषांचं बघा. गोंडी आणि कोलामी या द्रविडी कुळातल्या, म्हणजे नात्याने तेलुगू-कन्नडच्या जवळच्या. मराठीचं कूळ वेगळं. आंधांची बोली मात्र मराठीच आहे. म्हणजे एकाच बाकावर गोंड, कोलाम आणि आंध अशी तीन लेकरं बसली असतील तर पहिल्या दोघांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या आणि दोघांनाही पुस्तकातली मराठी परकी, तिसऱ्याला मात्र ती स्वतःच्याच भाषेचं पुस्तकी रूप. आंधांच्या लेकराने ‘पानी’, ‘कोन’ म्हटलं की आपण ‘अशुद्ध’ म्हणून मोकळे होतो. खरं तर त्याची अडचण गोंड लेकरापेक्षा अगदी निराळी आहे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे २९.८४ लाख लोक होते आणि कोलामी सांगणारे १.२८ लाख. कोलामांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते; महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम असे तीनच गट आहेत. कोलामी बोलणारं लेकरू तुमच्या वर्गात असेल तर त्याची भाषा जाणणारा शिक्षक मिळणं दुर्मीळ. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळेच थोडं वेगळं द्यावं लागतं.

आमची शाळा द्विशिक्षकी. अभिप्राय घ्यायचा कुणाकडून?

‘सहकारी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डी.एड. झालेला माणूस येतो. माझ्याही यायचा.

पहिल्या वर्षी मी ‘पाणी’ या विषयावर पाठ केला होता. लेकरांच्या घरची भाषा वर्गात आणायची, एवढं मनाशी ठरवलं होतं. एका ओळखीच्याकडून गोंडी शब्द विचारून घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला: येर. म्हटलं, आता वर्ग कसा खुलतो बघा. चार लेकरं हसली, ओरडली, ‘येर! येर!’ बाकीची सात तशीच बसून राहिली. सोबतचे शिक्षक मागे बसून पाठ बघत होते. त्यांनी लिहिलं, ‘काही विद्यार्थी निष्क्रिय, सहभाग वाढवावा.’ मी तो शेरा मान्य केला आणि दुसऱ्या दिवशी त्या सात जणांना पुढे बसवलं. तरीही तेच.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. तांदूळ निवडता निवडता त्या सहज म्हणाल्या, ‘गुरुजी, ही लेकरं पोडावरची हायेत. आमच्यात पान्याला ईर म्हंतेत.’ पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मी सगळ्यांना गोंड धरून चाललो होतो, हजेरीपटावरची आडनावं बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मावशी स्वतः कोलाम. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहिले: पाणी, येर, ईर. त्या सातांतली एक पोर उठली, फळ्यापाशी आली आणि ‘ईर’वर बोट ठेवून उभी राहिली. काही बोलली नाही. बोट तेवढं ठेवलं.

त्या पाठावरचा सगळ्यात मोलाचा अभिप्राय दारात उभं राहून मिळाला होता, आणि माझ्या वहीत तो कुठेच नव्हता.

म्हणून माझं उत्तर: आहार शिजवणाऱ्या ताई-मावशी, अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस, गुड्यावरचा (गोंडांच्या वस्तीवरचा) बारावी शिकून घरी असलेला पोरगा, आश्रमशाळेत राहून आलेली मोठी बहीण. यांना आधी विचारा. मग शिक्षकांना. शिकवण्याची पद्धत शिक्षक तपासेल, पण शब्द बरोबर आहे का, गुड्यात तसं बोलतात का आणि हा शब्द चारचौघांत लेकराच्या तोंडून आला तर घरच्यांना खटकेल का, हे तेच सांगू शकतात.

तेलुगू येणाऱ्या माणसाचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि आपल्या सीमाभागात असे लोक भरपूर आहेत. गोंडीत एक-दोन-तीन-चार म्हणजे उंदी, रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. घराला कोलामीत एल्ला म्हणतात, तेलुगूत इल्लु. बाजारात तेलुगू कानावर पडलेल्या सहकाऱ्याला हे नातं चटकन जाणवतं, आणि लेकरू ‘चुकीचं’ बोलत नसून दुसऱ्या भाषेच्या नियमाने बोलतंय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. मात्र तेलुगू येते म्हणून गोंडी येते असं धरू नका. घराला गोंडीत ‘रोन’ म्हणतात, तिथे तेलुगू कामाला येत नाही.

मावशींना ‘अभिप्राय द्या’ म्हटलं की त्या लाजून ‘चांगलं हाय की’ म्हणतात. काय करू?

‘अभिप्राय’ हा शब्दच वापरू नका. कागदही पुढे करू नका. चित्र दाखवा आणि विचारा, ‘मावशी, तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ गोष्ट वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे असं होतं का तुमच्याकडं?’ एवढं पुरतं. माझ्या एका पाठात रहाट असलेल्या विहिरीचं चित्र होतं. मावशी म्हणाल्या, ‘आमच्याकडं हापसा हाय, हे काय हाय?’ चित्र बदललं.

आणि त्यांचा वेळ फुकट धरू नका. चुलीवर भात असताना विचारू नका. त्यांनी सांगितलेला शब्द पाठात आला तर लेकरांसमोर सांगा की हा मावशींनी दिला. त्यांच्या वस्तीत ती गोष्ट पोचते आणि पुढच्या वेळी त्या आपण होऊन सांगायला येतात.

शिक्षक सहकाऱ्याला पाठ देताना सोबत काय द्यावं?

टाचणाबरोबर अर्धं पान वर्गाची माहिती. किती लेकरं, कोणाची घरची भाषा कोणती, मराठी कोणाला किती समजते, कोण घरी कुणाजवळ राहतं. आईवडील ऊसतोडीला गेलेले असतील आणि लेकरू आजीजवळ असेल तर तेही लिहा, कारण आजीला मराठी येत नसेल तर लेकराचा मराठीशी संबंध शाळेपुरताच उरतो. हे अर्धं पान नसेल तर नांदेड शहरातल्या वर्गाला लागू पडतील अशाच सूचना मिळतील. त्यात सूचना देणाऱ्याचा दोष नाही.

दुसरं, तुम्हाला कुठे शंका आहे ते आधीच सांगा. ‘गोष्टीचा मधला भाग लांबलाय असं वाटतं’ हे तुम्ही म्हटलं की समोरचा मोकळेपणाने बोलतो.

प्रश्न कसे विचारावेत?

‘पाठ कसा वाटला?’ असं विचारलं तर ‘छान’ हेच उत्तर मिळणार. माणसं भिडस्त असतात, शिवाय चहा तुम्हीच पाजलेला असतो.

उत्तर मोजता किंवा दाखवता येईल असा प्रश्न विचारा. मी सहसा असं विचारतो: पाठाच्या पहिल्या दहा मिनिटांत किती लेकरांनी तोंड उघडलं? कोणत्या भाषेत? मी सूचना दिल्यावर कोण शेजाऱ्याकडे बघून मग कामाला लागलं? (शेजाऱ्याकडे बघणाऱ्या लेकराला सूचना समजलेली नसते, ते नक्कल करत असतं. वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला हे दिसत नाही, मागे बसलेल्याला लख्ख दिसतं.) मी किती वेळ बोललो आणि लेकरं किती वेळ बोलली? एका पाठाला दोन-तीन प्रश्न बास. दहा दिले तर सहकारी लिहिण्यातच गुंततो आणि बघायचं राहून जातं.

निरीक्षकाने वर्गात कुठे बसावं?

मागे नको. बाजूला, खाली सतरंजीवर, जिथून लेकरांचे चेहरे दिसतील. शिक्षकाकडे कमी बघायचं, लेकरांकडे जास्त. जपानमधल्या शिक्षकांची एक जुनी पद्धत आहे: काही जण मिळून पाठ तयार करतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे फक्त मुलांकडे बघून नोंदी करतात. नंतरच्या चर्चेत पाठ सगळ्यांचा असतो, शिकवणाऱ्या एकट्याचा नाही. आपल्या केंद्रातले तीन-चार शिक्षक हे सहज करू शकतात.

‘वर्ग शांत, प्रतिसाद कमी’ असा शेरा मिळाला. पाठ फसला का?

लगेच तसं समजू नका. नवी भाषा कानावर पडू लागली की लेकरू बरेच दिवस नुसतं ऐकतं. आतून ते जुळवत असतं. पहिलीतल्या गोंड-कोलाम लेकरांत हा काळ काही महिनेही चालतो. सहकाऱ्याला सांगा की बोलण्यापेक्षा कृती बघ. ‘दगड आणा’ म्हटल्यावर कोण दगड घेऊन आलं, ‘मोठं पान दाखवा’ म्हटल्यावर कुणी बरोबर पान उचललं.

पण शांतता दुसऱ्या प्रकारचीही असते. भीतीची. लेकरू मान वर करत नाही, उत्तर माहीत असूनही ओठ हलवत नाही, घरच्या भाषेत पुटपुटून मग इकडेतिकडे बघतं. या दोन शांततांत फरक करता येणारा सहकारी मिळाला तर त्याला सोडू नका. आमच्याकडे अंगणवाडीच्या ताईंना हा फरक फार चांगला कळतो, कारण त्यांनी त्याच लेकराला तिसऱ्या वर्षापासून पाहिलेलं असतं.

लेकरं ‘आई आलं’, ‘गर’, ‘बात’ असं बोलतात. सहकारी म्हणतात, तिथल्या तिथे सुधारा. ऐकू का?

आधी त्यांना कारण सांगा, मग ठरवा.

मराठीत तीन लिंगं आहेत. गोंडी आणि कोलामीत विभागणी वेगळी: पुरुष एका बाजूला, बायका, जनावरं आणि वस्तू दुसऱ्या बाजूला. क्रियापदही त्याच हिशेबाने चालतं. तेलुगूतही एकवचनात असंच आहे. त्या हिशेबाने वाढलेलं लेकरू मराठी शिकताना ‘आई’ आणि ‘झाड’ यांना एकच क्रियापद लावू शकतं. त्यात अनादर नाही, गोंधळही नाही. ते एक नियम दुसऱ्या भाषेत लावून बघतंय. ‘ती वाट, तो रस्ता, ते वळण’ हे आपल्यालाही कारण देऊन सांगता येत नाही, ऐकून ऐकूनच येतं. त्याच्याही कानावर ते तसंच पडलं पाहिजे.

उच्चारांचंही तसंच. मूळ द्रविडी शब्दांत ख, घ, थ, ध, भ असे महाप्राण वर्ण जवळपास नसतात. ‘घर’चं ‘गर’ आणि ‘भात’चं ‘बात’ होतं ते त्यामुळे. कान तयार व्हायला वेळ लागतो. लेकरू ‘आई आलं’ म्हणालं की मी म्हणतो, ‘हो का, आई आली? कुठून आली?’ आणि पुढे जातो. ‘आलं नाही, आली म्हण’ असं दहा वेळा केलं की अकराव्या वेळी ते लेकरू आईबद्दल काही सांगतच नाही.

एक गोष्ट मात्र उलटीही सांगतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत ऐकणाऱ्याला धरलंय की वगळलंय हा भेद आहे. कोलामीतही तसाच आहे. हिंदीतून येणारं मूल ‘हम’वरून इथे अडखळतं, पण कोलाम लेकराला ही जागा घरासारखी वाटते. भाषा जाणणारा सहकारी अशा सोप्या जागाही दाखवतो, आणि पाठाची सुरुवात तिथून करता येते.

सगळेच ‘छान’ म्हणतात. खरं कसं काढून घेऊ?

तुमचाच फसलेला पाठ आधी दाखवा. ‘हा माझा पाठ बसला नाही, का बसला नाही ते सांगा’ असं म्हटलं की ‘छान’ म्हणायला जागाच राहत नाही.

केंद्रप्रमुखांसमोर किंवा वरिष्ठांसमोर दाखवलं तर ते लॉगबुकात (शाळाभेटीचे शेरे लिहायच्या वहीत) जाईल, ही भीती वाटते.

भीती खोटी नाही. तपासणी आणि मदत या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच खुर्चीतून होतात. म्हणून कच्चा पाठ बरोबरीच्यांना दाखवा, पक्का झालेला वरिष्ठांना. पण सगळेच वरिष्ठ सारखे नसतात. मला एका केंद्रप्रमुखांनी स्वतः लेकरांत बसून पाठ ऐकला आणि शेऱ्याऐवजी तीन प्रश्न लिहून दिले. तो कागद मी जपून ठेवला आहे. शिक्षण परिषदेत एखादा तास ‘पाठावर बोलू’ यासाठी राखून ठेवावा अशी मागणी चार शिक्षकांनी मिळून केली तर ती सहसा नाकारली जात नाही. गटसाधन केंद्रातले विषय साधनव्यक्ती आणि डायटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) अधिव्याख्याते यांनाही आवर्जून बोलवा.

एक म्हणतो गोंडी शब्द वाढवा, दुसरा म्हणतो मराठीच ठेवा. कुणाचं ऐकू?

दोघांनाही विचारा की कोणत्या लेकराला डोळ्यांपुढे ठेवून बोलताय. बहुतेक वेळा एक जण पहिलीतल्या नवख्या लेकराबद्दल बोलत असतो आणि दुसरा चौथीतल्या. मग दोघंही बरोबर असतात आणि भांडण तिथेच मिटतं.

पण शाळेचं माध्यम मराठी आहे. घरची भाषा वर्गात आणायला नियमाची आडकाठी नाही का?

नाही. उलट आधार आहे. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेलं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २९ म्हणतं, व्यवहार्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा धरायला सांगतं. तुमच्या टाचणात दहा गोंडी शब्द आले म्हणून कुणी हरकत घेतली तर हे नम्रपणे दाखवा.

हा काही आजचा विचारही नाही. किनवट १९५६ पर्यंत हैदराबादकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यातल्या मारलवाई गावी १९४३ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने, गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत तयार झाली. पुढे २००४ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं. त्यात गोंडी, कोलामी आणि बंजारा होत्या. म्हणजे सीमेपलीकडे आपल्याच लेकरांच्या भाषेत केलेलं साहित्य आहे, फक्त लिपी तेलुगू आहे. पलीकडच्या शिक्षकाशी ओळख असेल तर तुमचा पाठ त्यांना जरूर दाखवा. आपल्याकडे एवढा जवळचा आणि एवढा कमी विचारला गेलेला सहकारी दुसरा नाही.

गोंडी शब्द कोणत्या लिपीत लिहू? यावर प्रत्येक सहकारी वेगळं सांगतो.

गोंडीच्या स्वतःच्या लिप्या आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली एक लिपी घडवली. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणसंचात, आली. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावात जुन्या हस्तलिखितांतून दुसरी लिपी पुढे आली, ती २०१८ मध्ये युनिकोडमध्ये गेली. दोन्हींचा अभिमान बाळगावा अशाच आहेत, आणि गुड्यात कुणाला येत असेल तर त्याला वर्गात बोलवावं. पण पहिलीतलं लेकरू देवनागरी शिकतंय. त्याला येणारा शब्द त्याच अक्षरांत दिसला तर अक्षर लवकर बसतं. मी देवनागरीत लिहितो.

पाठात त्यांची संस्कृती आणा, असं सगळे सुचवतात. कशी आणू?

जपून. दिवाळीच्या सुमारास गोंड गुड्यांवर दंडारी (नाचगाण्याची मंडळी) निघते, मोरपिसांचे टोप घालून गुसाडी नाचतात. त्याचं चित्र पाठात आणावंसं वाटणं साहजिक आहे. मी आणलं होतं. गुड्यावरच्या एका वडीलधाऱ्या माणसाने चित्र बघितलं आणि शांतपणे विचारलं, ‘गुरुजी, हे खेळ म्हणून शिकवनार का?’ गुसाडीचा वेश ही त्यांच्यासाठी देवाची गोष्ट आहे, तो अंगावर चढवला की पाळायचे नेम असतात. मी तो पाठ बाजूला ठेवला आणि त्यांच्याच सल्ल्याने मोह वेचण्यावर पाठ केला. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे आईबरोबर टोपली घेऊन जायचं, फुलं वेचायची, अंगणात वाळवायची. प्रत्येक लेकराला यातलं काही ना काही येत होतं, आणि पोरी तर मलाच सांगत होत्या की फूल केव्हा गळतं. सणापेक्षा रोजच्या कामातला पाठ जास्त बोलका होतो, असं मला त्यानंतर वाटू लागलं.

परधानांकडे गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा किंगरी या तंतुवाद्यावर गाण्याची परंपरा आहे. तशा कथा पाठात घ्यायच्या तर घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि लहान करून, शेवट बदलून तर मुळीच नको.

वर्गाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटात टाकून अभिप्राय घेतला तर?

लेकरांचे चेहरे असलेला व्हिडिओ नको. तुमचा आवाज आणि फळा एवढं पुरतं. लेकराचं बोलणं हवं असेल तर आईवडिलांना सांगून नुसतं ध्वनिमुद्रण करा, आणि ऐकून झालं की पुसून टाका.

लेकरांकडून अभिप्राय घेता येतो का?

येतो. पाठ झाल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, सगळी एका सुरात ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी पाठातली गोष्ट मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातल्या ताई-दादाला घरच्या भाषेत सांगायला लावा, आणि त्या ताई-दादाला तुम्ही विचारा. गोष्टीतलं काय उरलं आणि काय गळालं ते स्पष्ट कळतं.

दुसऱ्याच्या पाठावर मला बोलायची वेळ आली तर कसं बोलू?

आधी लेकरांनी काय केलं ते सांगा, तुमचं मत मागून. ‘तुमचा पाठ लांबला’ असं म्हणण्याऐवजी ‘वीस मिनिटांनंतर खिडकीजवळची तिघं आपसात बोलायला लागली, कोलामीत’ असं म्हणा. पाठ लांबला की गोष्ट अवघड होती, हे ते स्वतः ओळखतील. आपल्याला नेमकं कळलं नसेल तर तसं सांगा. आणि नव्या शिक्षकाला सगळ्यांदेखत सुधारू नका. या भागात पहिली नेमणूक झालेला शिक्षक आधीच घरापासून लांब असतो.

पाठ सुधारला. पुढचा पाठ कधी दाखवू?

पुढचा नंतर. सुधारलेला तोच पाठ पुन्हा घ्या आणि ज्यांनी सुचवलं त्यांना बोलवा. मावशींना तर नक्कीच बोलवा, चुलीवरचा भात उतरल्यावर. त्यांनी दिलेला शब्द फळ्यावर आला का, एवढंच त्यांना बघायचं असतं.